चुन्याची भिंत आणि तेलरंगाचे फोड



गेल्या भाऊबीजेला घरी जी मंडळी आली, त्यांनी मधल्या खोलीची भिंत पाहिली आणि कुणी काही बोललं नाही. ते न बोलणंच मला जास्त ऐकू आलं. रंग खरवडलेला, ठिकठिकाणी गिलावा उघडा, कोपऱ्यात वीट दिसतेय, आणि फेब्रुवारीत घरात धाकट्याचं लग्न! शेवटी नणंदबाईंनी विचारलंच, "भाभी, रंगारी पळाला की काय?"

पळाला नव्हता. मीच त्याला थांबवलं होतं. भिंतीवर रंगाचे फोड आले होते, काही पुरीसारखे टम्म, काही फुटून पोपडे लोंबत असलेले. रंगारी म्हणाला, "चार दिवसांचं काम आहे ताई, खरवडतो, लांबी भरतो, दोन हात मारतो, दिवाळीला घर चकाचक." मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. घरात सगळ्यांचे चेहरे पडले. दिवाळीला रंग नाही म्हणजे काय!

पण मला याच प्रश्नाने कित्येक वर्षं छळलं आहे. दिवाळीलाच रंग का? आपल्याकडे दिवाळीला चोपडापूजन होतं, तसं घराला रंगही होतो, हे मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हापासून बघते आहे. त्यामागचा हिशेब शोधायला गेले (बी.कॉम. झालेल्या बाईला हिशेब जुळल्याशिवाय झोप लागत नाही) तर तो बराच मागे गेला.

पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो. त्याच्या शेवटच्या भागात, सामाचारीमध्ये, एक प्रश्न आहे. पावसाळ्याचा एक महिना आणि वीस दिवस उलटल्यावरच भगवान महावीरांनी पर्युषणाचा वास का ठरवला? उत्तर फार घरगुती आहे. तोपर्यंत गृहस्थांनी स्वतःसाठी आपापली घरं नीट करून घेतलेली असतात. चटया बांधलेल्या, भिंतींना पांढरी दिलेली, जमिनी सारवून घोटून गुळगुळीत केलेल्या, धूप दिलेला, आणि पाणी वाहून जायला चर आणि मोऱ्या खणलेल्या. वर्षानुवर्षं हे कानावरून गेलं, पण एका वर्षी मात्र मी उपाश्रयात चमकून ताठ बसले. इतक्या जुन्या ग्रंथात भिंतीची पांढरी आहे आणि त्याच यादीत पाण्याच्या वाटाही आहेत! आपण पांढरीचं तेवढं लक्षात ठेवलं, चर विसरलो.

ती पांढरी म्हणजे चुना. चुन्याचा स्वभाव समजला की बाकीचं सोपं होतं. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो. आपल्या कोकणात दगडाऐवजी शिंपलेही भाजत. त्यावर पाणी टाकलं की तो उकळून विरतो. विरलेला चुना भिंतीवर फासला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू परत दगड होतो. दगडापासून निघून दगडापर्यंत. आणि हे व्हायला त्याला ओल लागते. जुने रंगारी चुना लावण्याआधी भिंत पाण्याने भिजवून घेत, कारण सुक्या भिंतीवर चुना भुकटीसारखा हाताला लागतो. शिवाय वाळलेल्या चुन्यात बारीक बारीक छिद्रं राहतात. भिंतीतलं पाणी त्यातून वाफ होऊन निघून जातं. चुना भुरभुरला तरी त्याला फुगा येत नाही, कारण फुगा यायला आतून कोंडणारी कातडी लागते आणि चुन्याला ती नसते. तो तिखट असल्यामुळे बुरशीही त्यावर सहसा धरत नाही.

आता दिवाळीचा हिशेब जुळतो बघा. कोकणात पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पडणार, मुंबईच्या बाजूने तो परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर, आणि दिवाळी त्यानंतर दोन-चार आठवड्यांत. म्हणजे दिवाळीला भिंती ओल्याच असायच्या. चुन्याचं त्याने काही बिघडत नव्हतं, उलट सोयच होती. सण आणि चुना यांचं हे जुळलेलं गणित होतं.

आमच्या सासऱ्यांच्या रोजमेळात दर आश्विनात तीन नोंदी ठरलेल्या असत: चुना, नीळ, डिंक. चुना भिंतीला धरून राहावा म्हणून बाहेर सरस घालत, पण सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात, म्हणून आपल्या घरात डिंक. नीळ घातली की पांढरा रंग दुधासारखा न दिसता चांदण्यासारखा दिसायचा. घर जुन्या पनवेलमध्ये बाजाराच्या बाजूला, दीड-दोन फूट जाड भिंतींचं. पनवेल तेव्हा भाताच्या आणि मिठाच्या व्यापाराचं गाव. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला तेव्हा मुंबईचे लोक होडीने पनवेलच्या बंदरात उतरून पुण्याकडे जात. पुढे रेल्वे कर्जतवरून गेली आणि बंदराचा दिमाख उतरला, पण खाडी आणि खारा वारा आमच्याजवळच राहिले. खाऱ्या ओलीने भिंतीवर जी पांढरी भुकटी फुलते तिला आपण लोणा म्हणतो. पाणी भिंतीतलं मीठ विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं, मिठाचे खडे तिथेच वाढतात आणि वरचा थर ढकलून देतात. चुन्यावर लोणा आला तर केरसुणीने झाडायचा आणि पुढच्या आश्विनात पुन्हा पांढरी द्यायची. दर वर्षी खर्च थोडा, काम एक-दोन दिवसांचं.

मग चुन्याच्या जागी सिमेंट आणि रंगाचे डबे आले, आणि हे सगळं एका पिढीत झालं असं नाही. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ आस्पडिनने १८२४ मध्ये घेतलं. आपल्या देशात सिमेंट करण्याचा पहिला प्रयत्न १९०४ मध्ये मद्रासला झाला आणि १९१४ पासून पोरबंदरला ते नियमित होऊ लागलं. रंगांचं म्हणाल तर १९०२ मध्ये हावड्याला शालिमारचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंगांची आयात अडली आणि १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी गट्टू काढला, कपाळावर केसांची बट आणि हातात रंगाचा ब्रश घेतलेला तो खट्याळ मुलगा. आमच्या वयाच्या सगळ्याजणींना तो आठवत असेल. दुकानाच्या पाटीवर गट्टू दिसला की घर रंगवावंसं वाटायचं! चुन्यानंतर डिस्टेंपर, मग तेलरंग, मग प्लास्टिक रंग. हात लागला तरी पांढरा होत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतो, पाच-सहा वर्षं बघायला नको. बायकांनाच तो जास्त आवडला, कारण चुन्याने पांढऱ्या झालेल्या पाठी झटकायचं काम आपल्याकडेच होतं.

पण पुसता येणारा रंग म्हणजेच पाणी आत न घेणारा रंग, आणि जो आत घेत नाही तो आतलं बाहेरही सोडत नाही. त्यातही तेलरंग सगळ्यात घट्ट. त्याला भिंत कोरडी ठणठणीत हवी. चुन्याला ओली भिंत हवी होती, याला सुकी हवी. माल उलटा झाला आणि मुहूर्त मात्र आपण तोच ठेवला.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

१९८६ च्या दिवाळीत मीच हट्ट धरला होता. मधल्या खोलीला तेलरंग द्यायचा, फिकट पिस्त्याचा. माझ्या माहेरी दिला होता, आणि तो किती छान दिसत होता. सासूबाई म्हणाल्या, "भिंतीला घाम येतो गं. तो जायला वाट ठेव." मी कॉमर्सची पदवी घेतलेली, मला ते जुन्या बायकांचं बोलणं वाटलं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला खालून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत फोड आले. फोडला तर आत पाणी आणि मिठाची भुकटी. आम्ही खरवडून पुन्हा तेलरंग दिला. पुन्हा फोड. तिसऱ्या वर्षी कोपऱ्यात काळी-हिरवी बुरशी आली.

त्या भिंतीला पाठ लावून सासूबाई सामायिकाला बसत. एके दिवशी लक्षात आलं की त्यांचं आसन तिथे नाही, त्या जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत बसायला लागल्या आहेत. मी विचारलं तर म्हणाल्या, "इथे गार वाटतं." खरं कारण त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. लील-फूग म्हणजे अनंतकाय, तिला धक्का लागू नये म्हणून त्या स्वतः हलल्या होत्या. कल्पसूत्रात जी आठ सूक्ष्मं सांगितली आहेत त्यात पाच रंगांचं पनक-सूक्ष्म, म्हणजे ही बुरशीच, आणि ओलीचं स्नेह-सूक्ष्म आहे. एका पिस्त्याच्या रंगापायी घरात दोन्ही आणून ठेवली होती मी.

माझी चूक एकटीची नव्हती, आणि ती करणारे माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेले होते, एवढंच काय ते समाधान. आपण बहुतेक जणी वेरूळला जाऊन आलो आहोत. ३० ते ३४ या जैन लेण्यांपैकी ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत वरच्या मजल्यावर गेलात तर मान वर करा. छतावर हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे रंग अजून आहेत, आकाशातून जाणाऱ्या देवदेवतांचे. त्याखाली काय आहे? खडबडीत केलेल्या दगडावर मातीचा गिलावा, त्यात वनस्पतींचे धागे, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ मॅनेजर सिंग आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतीशास्त्राचे सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे सापडल्याचं प्रसिद्ध केलं. किडीचा त्रास तिथे कमी राहिला त्याचं श्रेय ते याला देतात. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथे किडीने चित्रांचं बरंच नुकसान केलेलं आहे.

माझ्या भिंतीशी जास्त जवळची गोष्ट अजिंठ्याचीच. १८७२ पासून पुढे तेरा वर्षांत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी तिथल्या चित्रांच्या नकला करत होते. चित्रं धुरकट झालेली, म्हणून ती उजळ दिसावीत यासाठी नकला करणाऱ्यांनी त्यांच्यावर व्हार्निश फासलं. त्या दिवशी रंग खुलले असणार, माझ्या पिस्त्यासारखे. पुढे व्हार्निश पिवळं पडलं, आकसलं, आणि आकसताना खालचा रंग घेऊन उचकटू लागलं. १९२० नंतर निजाम सरकारने, गुलाम याझदानी पुरातत्त्व खातं बघत असताना, इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे साथीदार ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा चिकटवला, कडा पक्क्या केल्या, चित्रं धरून ठेवली. त्यांचे उपकार आहेतच. पण रंग बसावा म्हणून त्यांनी वरून लाख वापरली, आणि तीही काळाने तपकिरी झाली. गेली कित्येक दशकं आपले पुरातत्त्व खात्याचे लोक हे थर हलक्या हाताने उतरवत आहेत. पावसाळ्यात वाघोरा नदीच्या खोऱ्यातली हवा दमट होते, मातीचा गिलावा फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, आणि वर जर घट्ट कातडी असेल तर ती त्याच्याबरोबर हलत नाही, सुटते. अजिंठ्याची भिंत आणि पनवेलची भिंत यांचं दुखणं एकच निघालं. फक्त तिथे बोधिसत्त्व होते आणि इथे पिस्ता.

आता सध्याच्या घराकडे येते. जुनं घर गेलं, आम्ही २००४ पासून फ्लॅटमध्ये आहोत. १९७० मध्ये सिडको आली आणि त्यानंतर आमच्या आजूबाजूला भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. फ्लॅटच्या भिंती चार नाहीतर सहा इंचांच्या. आणि जुन्या घरात न्हाणी मागच्या अंगणात असायची, ती फ्लॅटमध्ये थेट निजायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे आली, नळही भिंतीच्या पोटात गेले. कल्पसूत्रातले गृहस्थ पाणी घराबाहेर काढत होते, आपण ते भिंतीत घेऊन झोपतो. कोकणात आणखी एक: बांधकामात खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल तर लोण्याचं मीठ पहिल्या दिवसापासून भिंतीतच असतं.

म्हणून या वेळी मी आधी पाणी शोधलं. फोड मधोमध नव्हते, न्हाणीघराच्या बाजूला खालीच होते, म्हणजे पावसाचं पाणी नसावं. प्लंबरने न्हाणीची जाळी बंद करून तळाशी दोन इंच पाणी साठवलं आणि ते एक दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी अलीकडच्या भिंतीवर ओलीची रेघ चढली. जाळीखालच्या ट्रॅपचा सांधा गेला होता. लाद्या काढून सांधा बदलला, कोपरे वॉटरप्रूफ करून पुन्हा लाद्या बसवल्या. हा खर्च रंगापेक्षा जास्त झाला, आणि तो कुणाला दिसत नाही, म्हणून घरात जरा कुरकुर झाली.

मग खरवडणं. कोपऱ्यात हातभर जागेत बुरशी होती. महाराजसाहेबांना विचारलं, तर म्हणाले की उत्पन्न होऊ न देणं ही खरी जयणा, झालीच असेल तर आपणहून सुकेपर्यंत तिला हात लावू नका. म्हणून तेवढा कोपरा सोडून बाकीची भिंत पत्रीने खरवडली, जिथपर्यंत टकटक केल्यावर पोकळ आवाज येत होता तिथपर्यंत. मिठाची भुकटी कोरड्या ब्रशनेच झाडली, कारण पाण्याने पुसली की मीठ परत आत जातं. एक सूचना आवर्जून करते. जुना तेलरंग घासायचा असेल तर कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाण्याचा पॉलिश पेपर, नाकाला मास्क, आणि नातवंडं दुसऱ्या खोलीत.

आणि मग थांबणं. हेच सगळ्यात अवघड गेलं. रंगारी आठवड्याने फोन करायचा. सूनबाई म्हणाली, "मम्मी, त्यावर पीव्हीसीचे पॅनेल लावून टाकूया ना, लग्नात कोण बघतंय मागे काय आहे." मी तिला जिन्याखालच्या आसनाची गोष्ट सांगितली. ती गप्प झाली, आणि भाऊबीजेच्या दिवशी तिनेच त्या भिंतीसमोर रांगोळी काढून दोन समया ठेवल्या. छान दिसलं ते, खरं सांगते.

भिंत सुकली की नाही हे बघायला एक साधी युक्ती आहे. फूटभर प्लास्टिकचा कागद उघड्या गिलाव्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस-रात्र ठेवायचा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली, खोलीच्या बाजूला जमले तर हवेतली. नोव्हेंबरमध्ये थेंब आले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत थोडे आले. तोवर बुरशीचा कोपरा आपणहून सुकून करडा झाला होता, तोही काढला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कागद कोरडा निघाला आणि मी रंगाऱ्याला फोन केला. गिलाव्याचं भरण, त्यावर पांढऱ्या सिमेंटची लांबी (पीओपी नको म्हटलं, ओल लागली की जिप्समचं पीठ होतं), प्रायमर, आणि प्रत्येक थराला त्याचा वाळायचा वेळ. वरचा हात साध्या इमल्शनचा, चकचकीत तेलरंगाचा नाही. रंग सूनबाईने निवडला. पिस्ता नाही, फिकट चंदनी.

लग्न छान झालं. भिंतीकडे कुणी पाहिलंही नाही.

आता श्रावण लागला आहे. जूनपासून रोज सकाळी नवकारशीआधी त्या भिंतीवरून तळहात फिरवते. न्हाणीकडची बाजू अजून कोरडी आहे. खिडकीखाली मात्र परवा नखाएवढा एक फुगवटा दिसला, तो बहुतेक बाहेरच्या बाजूच्या भेगेतून. त्याभोवती पेन्सिलीने गोल काढून तारीख घातली आहे. पाऊस उघडला की बाहेरची भेग आधी बघायची आहे.